लुटुपुटूच्या कोर्टाची पार्श्वभूमी

काऊ पावसात भिजत दाराशी उभा आणि आतून चिऊचं 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते' काही संपत नाही. घास भरवताना ऐकलेली ही गोष्ट. तिच्यात शहाणं कोण, हे आपल्यासाठी आधीच ठरलेलं होतं. हीच गोष्ट वर्गात खटला म्हणून उभी करा: कावळा फिर्यादी, चिमणी आरोपी, दोघांना एकेक वकील. मग कोणीतरी विचारतंच, 'बाळ खरंच अंघोळ करत होतं, हे कोणी पाहिलं?' गोष्ट ऐकताना हा प्रश्न कुणाला सुचत नाही. उलटतपासणीला उभं राहिलं की सुचतो.

शाळेच्या भाषेत याला अभिरूप न्यायालय म्हणतात. हा आजकालचा उपक्रम वाटतो, पण मुलांना न्याय शिकवायचा तर त्यांनाच न्यायाला बसवावं, ही कल्पना फार जुनी आहे. इ. स. पूर्व चौथ्या शतकातला ग्रीक लेखक झेनोफन पर्शियन राजा सायरसच्या बालपणाबद्दल सांगतो, की तिथली मुलं शाळेत न्याय शिकायला जात, जशी इतरांची अक्षरं शिकायला जातात. चोरी, मारामारी, फसवणूक, निंदा अशा तक्रारी मुलं एकमेकांवर करत आणि त्यांचे निवाडे होत. खोटी तक्रार करणाऱ्यालाही शिक्षा असे. झेनोफनचं हे चित्र आदर्श रंगवलेलं आहे, इतिहास म्हणून ते जपूनच वाचावं. पण त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. एका उंच मुलाचा अंगरखा आखूड होता आणि एका बुटक्याचा लांब. उंच मुलाने बुटक्याचा अंगरखा काढून स्वतः घातला आणि आपला त्याला दिला. न्यायाला बसलेल्या छोट्या सायरसने निकाल दिला, की आता दोघांनाही नीट बसतंय, तर असंच राहू द्या. त्यावर गुरुजींनी त्यालाच फटके दिले. कपडा कोणाला बसतो हे ठरवायचं असतं तर निकाल बरोबर होता, पण प्रश्न होता तो अंगरखा कोणाचा, आणि जबरदस्तीने घेतलेली वस्तू घेणाऱ्याची होते का. मला विचाराल तर सायरसचा निकाल अगदीच टाकाऊ नव्हता. आजच्या वर्गात हा खटला ठेवला, तर पोरं तासभर भांडतील.

दुसरी गोष्ट बगदादची, अली ख्वाजाची. हाना दियाब या सीरियन कथेकऱ्याने ती १७०९ मध्ये पॅरिसला फ्रेंच अनुवादक आंत्वान गालाँला सांगितली आणि अरबी सुरस कथांच्या फ्रेंच आवृत्तीत तिला जागा मिळाली. ऑलिव्हच्या बरणीत हजार मोहरा लपवून अली ती बरणी एका व्यापारी मित्राकडे ठेवतो. सात वर्षांनी परततो तेव्हा बरणीत नुसती फळं. काझी व्यापाऱ्याला सोडून देतो. एका रात्री वेषांतर करून फिरणाऱ्या खलिफाला अंगणात पोरं हाच खटला खेळताना दिसतात. काझी झालेला पोरगा आधी बरणी मागवतो आणि ऑलिव्हच्या जाणकारांना बोलावतो. ही फळं तीन वर्षांपलीकडे टिकत नाहीत, असं ते सांगतात. मग सात वर्षांच्या बरणीत ताजी फळं आली कुठून? खेळात व्यापाऱ्याला थेट फाशी होते. दुसऱ्या दिवशी खलिफा त्याच पोराला खऱ्या खटल्यात बसवतो, तेव्हा मात्र तो निकालापाशी थांबतो आणि म्हणतो, काल तो खेळ होता, फाशी देणं तुमचं काम. खेळ आणि खरं यांतली रेघ त्याला बरोबर ठाऊक आहे.

वकील घडवण्यासाठीची खोटी कोर्टं हा वेगळा प्रवाह. रोममध्ये वक्तृत्व शिकणारी पोरं चाचे आणि जुलमी राजे यांच्याबद्दलचे काल्पनिक खटले लढवत. लंडनच्या इन्स ऑफ कोर्ट या वकिलांच्या संस्थांमध्ये शिकाऊ वकिलांचा अभ्यासच त्यावर चाले. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या खटला-स्पर्धा होतात, त्या याच वळणाच्या. तिथे बोलण्याला धार येते, पण गुण मिळतात ते बाजू कशी मांडली याचे.

मुलांच्या हाती खरी सत्ता देणारे प्रयोग यापेक्षा धाडसी होते. १८९५ मध्ये विल्यम जॉर्ज यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रीव्हिल इथे मुलांचं 'प्रजासत्ताक' उभारलं. त्यात मुलांचंच कोर्ट होतं, पोलीस होते, तुरुंगही होता. मोठ्यांच्या जगाची हुबेहूब नक्कल, त्याच्या खोडींसकट.

पोलंडमधल्या वॉर्सामध्ये बालरोगतज्ज्ञ आणि लेखक डॉ. यानुश कोर्चाक यांनी ही नक्कल मोडली. १९१२ मध्ये उघडलेल्या ज्यू मुलांच्या अनाथालयात त्यांनी मुलांचं कोर्ट चालवलं. ज्याच्यावर त्या आठवड्यात तक्रार नाही, अशा मुलांतून पाच न्यायाधीश चिठ्ठ्या टाकून निवडत. या कोर्टाच्या नियमसंहितेची मांडणी तर वकिलालाही चक्रावणारी. पहिली नव्याण्णव कलमं खटला सोडून देण्याची किंवा माफीची होती: माहीत नसताना केलं, चुकून झालं, त्याला पश्चात्ताप झालाय. 'तू हे केलंस, आणि माफी नाही' असं कोर्ट म्हणे ते शंभराव्या कलमात, आणि तिथेही शिक्षा नव्हती. पुढची कलमं शंभराच्या उड्या मारत हजारापर्यंत जात. हजारावं म्हणजे संस्थेबाहेर काढणं. नऊशेव्या कलमातही आरोपीची हमी घेणारं कोणी पुढे आलं तर तो वाचे.

सगळं गोडीगुलाबीने चाललं नाही. पोरांनी कोर्टाची थट्टा केली, क्षुल्लक तक्रारींचा ढीग लावला, मोठी पोरं निकाल मानेनात. शेवटी कोर्चाकना ते काही आठवडे बंद ठेवावं लागलं. पुन्हा सुरू केलं तेव्हा निकालाचा फेरविचार मागण्याची सोय ठेवली. सहा महिन्यांत ते स्वतः पाच वेळा आरोपी म्हणून उभे राहिले. एकदा कानाखाली मारली म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी त्यांना आणि अनाथालयातल्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन ठार केलं.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९३२ मध्ये मुलांच्या न्यायबुद्धीवरचा अभ्यास छापला. दार उघडताना नकळत पंधरा कप फोडणारा मुलगा जास्त दोषी, की चोरून मुरंबा काढताना एक कप फोडणारा? लहान मुलं कप मोजतात, थोडी मोठी झाली की हेतू विचारतात. पियाजेच्या मते हा बदल मोठ्यांच्या उपदेशाने कमी आणि बरोबरीच्या पोरांशी खेळताना, भांडताना जास्त होतो. लुटुपुटूच्या कोर्टाला इतका भक्कम आधार त्याआधी कोणी दिला नव्हता.

१९७८ मध्ये बालहक्कांच्या कराराचा पहिला मसुदा संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला तो कोर्चाकच्या पोलंडने. २० नोव्हेंबर १९८९ रोजी करार मंजूर झाला. त्याचं बारावं कलम सांगतं, की मुलाशी संबंधित कोणत्याही न्यायालयीन किंवा प्रशासकीय कारवाईत त्याचं म्हणणं ऐकून घेण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. म्हणजे आता खऱ्या कोर्टातही.