जखम नडगीवर, आजार आतड्यात

वावरात पऱ्हाटीचं खुंट नडगीला लागलं, तर विदर्भात त्याचं कोणी कौतुक करत नाही. हळद लावली की काम सुरू. क्वचित मात्र अशी जखम भरायचं सोडून भराभर पसरते, कडा जांभळ्या पडतात आणि जखमेच्या मानानं वेदना फार जास्त असतात.

या जखमेचा आतड्याशी संबंध असू शकतो, हे १९३० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ब्रन्स्टिंग, गोकरमन आणि ओ'लिअरी यांनी मांडलं. त्यांच्या पाच रुग्णांपैकी चौघांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडणारा आजार होता. जखमेला त्यांनी पायोडर्मा गँग्रिनोसम म्हटलं आणि दोष जंतूंना दिला. तो तर्क पुढे टिकला नाही. बिघाड शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीत असतो. म्हणूनच किरकोळ मारानेही ही जखम उपटते, आणि सडलेला भाग म्हणून कापत गेलं तर आणखी वाढते. स्टिरॉइड दिल्यावर मात्र ओसरते. हे ठाऊक नसलेल्या हाताखाली पाय गेला, तर नुकसान उपचारानेच होतं.

आतड्याच्या या आजाराचं त्वचेवरच भागत नाही. डोळे लाल होऊन दुखतात, सांधे सुजतात, पित्तनलिका आकसतात. पायाच्या, क्वचित मेंदूच्याही शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात; कोलायटिस आणि गुठळ्यांचा संबंध १९३६ मध्येच नोंदवला गेला होता. यातलं काही तर पोट शांत असतानाही होतं, त्यामुळे रुग्ण पोटाचं बोलतच नाही.

आपल्याकडे गुंता वाढवतो सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार. नागपूर भागातला सिकलसेल १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला, आणि त्यातही रक्त कमी होतं, सांधे दुखतात, घोट्याजवळ न भरणारी जखम होते. रिपोर्टमध्ये सिकलसेल दिसला की पुढचा शोध थांबण्याचा धोका असतो. एकाच माणसाला दोन आजार असू शकतात, हे गर्दीच्या ओपीडीत सुचायला सवड लागते.

दुसरा गुंता टीबीचा. लहान आतड्याच्या शेवटाला होणारा टीबी आणि क्रोन्स डिसीज (कोलायटिससारखाच आतड्याला सूज आणणारा आजार) दुर्बिणीतून जवळजवळ सारखे दिसतात. इन्फ्लिक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन या जखमेवरही चालतं, पण दबलेला टीबी त्याने उसळू शकतो. म्हणून आधी छातीचा एक्सरे आणि टीबीच्या तपासण्या. त्याच्याही आधी, पाय दाखवायला आलेल्याला एक प्रश्न: आव पडते का, रक्त जातं का, किती दिवसांपासून?