साइडिंगची पट्टी बदलणे

अमेरिका आणि कॅनडातील लाकडी सांगाड्याच्या घरांना बाहेरून आडव्या पट्ट्यांचे जे आवरण असते, त्याला साइडिंग म्हणतात. त्यातली तडकलेली किंवा वाकलेली पट्टी काढून नवी बसवणे ही तिथली नेहमीची दुरुस्ती आहे. वीट-सिमेंटच्या घरात वाढून न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी माणसाला अशी फुटकी पट्टी म्हणजे भिंतच फुटली असे वाटते. पण भिंत आत असते : लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवुडसारखे तक्ते आणि त्यांवर गुंडाळलेला हाउस रॅप, म्हणजे पाणी अडवणारे पातळ आवरण. साइडिंग पावसाची झड अंगावर घेते. कौलांसारखीच वरची पट्टी खालचीवर चढलेली असल्याने पाणी निथळते. मागे शिरलेल्या पाण्यासाठी पट्टीच्या खालच्या कडेला बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती बुजवू नयेत.

साइडिंग लाकूड, अ‍ॅल्युमिनियम, फायबर सिमेंट यांचेही असते. १९७० च्या दशकापर्यंतच्या काही घरांना अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे तुकडे लावलेले आढळतात. ते फोडणे वा कापणे फुप्फुसांना घातक असल्याने तिथे प्रशिक्षित माणूसच बोलवावा. पुढील माहिती १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या व्हिनाइल साइडिंगची, म्हणजे पीव्हीसीच्या पट्ट्यांची आहे. कडाक्याच्या थंडीत ही पट्टी ठिसूळ होते, मग गारेने किंवा उडालेल्या खड्यानेही तडकते. उष्णतेने ती मऊ पडते. भिंतीला खेटून ठेवलेली बार्बेक्यूची शेगडी तिला वाकवते आणि शेजाऱ्याच्या खिडकीच्या काचेवरून परावर्तित झालेले ऊनसुद्धा.

या कामाचे सगळे मर्म सैलपणात आहे. साधारण साडेबारा फूट लांबीची पट्टी उन्हाळ्या-हिवाळ्यात अर्धा इंच किंवा थोडी अधिकच वाढते-आखडते. म्हणून खिळ्यांची भोके लांबट असतात. खिळा भोकाच्या मधोमध आणि सरळ मारायचा, त्याचा माथा व पट्टी यांत जेमतेम मिलिमीटरभर फट ठेवायची, टोकांना पाव इंच जागा सोडायची. सुतारकामाची सवय असलेला हात नेमका इथे चुकतो. घट्ट ठोकलेली पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात लाटांसारखी फुगते.

खराब पट्टीचे खिळे वरच्या पट्टीआड लपलेले असतात. झिप टूल नावाचा छोटा आकडा वरच्या पट्टीच्या खालच्या कडेत अडकवून खाली ओढत आडवा सरकवला की खराब पट्टीत अडकलेली तिची खाच सुटते. ती अलगद उचलून धरायची, खिळे उपटायचे आणि खराब पट्टी खालच्या खाचेतून सोडवायची. आतला हाउस रॅप फाटला असेल तर आत्ताच टेपने सांधावा. तक्ता ओला किंवा कुजका निघाला तर पट्टी बसवण्याची घाई करू नये. नवी पट्टी पत्र्याच्या कात्रीने कापून खालच्या खाचेत अडकवायची, दर सोळा इंचांवर खिळा मारायचा, शेजारच्या पट्टीवर सुमारे इंचभर चढवायची. शेवटी वरची खाच त्याच आकड्याने परत बसवायची. हे काम उबदार दिवशी करावे, कारण थंडीत उचललेली चांगली पट्टीही तुटते.

खरी अडचण रंगाची असते. व्हिनाइल उन्हाने विटते, त्यामुळे त्याच कंपनीची, त्याच छटेची नवी पट्टीही ठिगळासारखी उठून दिसते. म्हणून जाणते कारागीर मागच्या बाजूची किंवा गॅरेजआडची जुनी पट्टी काढून दर्शनी भिंतीला लावतात आणि नवी तिच्या जागी, कोणाच्या नजरेत येणार नाही अशी मागे बसवतात.