चाकूचं शेपूट

घडीच्या चाकूच्या मुठीला मागच्या टोकाशी बहुतेक वेळा एक बारीक भोक असतं, नाहीतर छोटी कडी. बरेच जण तिथे किल्ल्या अडकवतात. ट्रेकला जाणारी मंडळी मात्र त्यात वीतभर दोरी ओवतात, गाठी मारतात, कुणी हौसेने गोफही विणतं. याला लॅनयार्ड म्हणतात. मला ती नुसती सजावट वाटायची. मग एकदा भादव्यात, कमरेएवढ्या गवतात, हिरव्या मुठीचा चाकू हातातून निसटला. अर्धा तास शोधला, मिळाला नाही. आताच्या चाकूला भगवी दोरी आहे. हिरव्यात हिरवं हरवतं, भगवं उठून दिसतं, एवढं साधं गणित मला एक चाकू घालवून कळलं.

लॅनयार्ड या शब्दाचं मूळ जुन्या फ्रेंचमधल्या ‘लानिएर’ या शब्दात आहे. अर्थ चामड्याची वादी. पण ही दोरी खरी रुजली शिडाच्या जहाजांवर. खलाशाला डोलकाठीवर चढून दोर कापावे लागत, एक हात आधाराला गुंतलेला. चाकू निसटला तर समुद्रात जाई, आणि पोलाद पाण्याच्या जवळपास आठपट जड, म्हणजे तो गेलाच. त्याहून वाईट म्हणजे तो खाली डेकवर पडे. शंभर ग्रॅमचा चाकू 30 मीटर उंचीवरून सुटला, तर हवेचा अडथळा सोडून दिल्यास खाली पोचताना त्याचा वेग ताशी 87 किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणून खलाशाचा चाकू गळ्यात किंवा कमरेला दोरीने बांधलेला असे. आपल्याकडे जानव्याला किल्ली बांधायचे, त्यातलाच प्रकार. अनेक जुन्या भारतीय तलवारींच्या मुठीच्या टोकालाही भोक सापडतं. त्यातून ओवलेली दोरी मनगटात अडकवली, की झटापटीत तलवार हातची जात नसे.

अंतराळात तर वस्तू खाली पडतच नाही, ती नुसती लांब जाते. नोव्हेंबर 2008 मध्ये अमेरिकी अंतराळवीर हायडमारी स्टेफनिशिन-पायपर अंतराळ स्थानकाबाहेर काम करत असताना हत्यारांची एक पिशवी अशीच तरंगत निघून गेली. हात पोचेना. कित्येक महिने ती पृथ्वीभोवती फिरत राहिली आणि 2009 च्या ऑगस्टमध्ये वातावरणात शिरून जळाली. तिथे प्रत्येक पान्याला दोरी लावतात ती याच धास्तीने.

आपल्या खिशातल्या चाकूला ना डोलकाठी, ना अंतराळ. तरीही दोरी उपयोगी पडते, पण वेगळ्याच कारणाने. माझं मत विचाराल तर छोट्या चाकूची दोरी तो पडू नये म्हणून नसते, तो नीट हाताशी यावा म्हणून असते. खिशाच्या तळाशी गेलेला चाकू ओल्या किंवा गारठलेल्या बोटांनी काढून बघा. तेच गाठीचं शेपूट खिशाबाहेर लोंबत असेल तर दोन बोटांनी ओढलं की झालं.

पकडीची गोष्ट त्याहून गमतीची. छोट्या चाकूची मूठ सहा-सात सेंटिमीटरची, आपला पंजा आठ-नऊचा. करंगळी बाहेरच राहते. बाहेर आलेल्या दोरीच्या गाठीवर करंगळी दाबली, की मूठ जणू तेवढी लांबते. आणि दोरीचा एक वेढा बोटांभोवती घेतला, तर घर्षण कामाला लागतं.

हे शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. ओढाळ बैल नुसत्या हाताने आवरत नाही, म्हणून तो कासऱ्याचे दोन वेढे झाडाच्या बुंध्याला देतो आणि मोकळं टोक सहज धरून उभा राहतो. अठराव्या शतकात लेओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने याचं सूत्र मांडलं. वेढ्यांगणिक ताकद बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणांक, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात याचं माप, 0.3 धरला तर एका वेढ्याने पकड साडेसहापट होते, दोन वेढ्यांनी 43 पट, तीन वेढ्यांनी जवळजवळ 285 पट. बोट म्हणजे झाडाचा बुंधा नव्हे, पण नियम तोच. ओढ चाकूला बसते, बोटांना तिचा थोडाच हिस्सा सांभाळावा लागतो.

हाच गुणाकार उलटाही फिरतो. ड्रिल किंवा मळणी यंत्राच्या फिरत्या दांड्याला दोरी लागली, की एका फेरीत एक वेढा, दुसरीत दुसरा, आणि मग ती सुटत नाही, हाताला आत खेचते. फिरत्या यंत्राजवळ मनगटात फास नकोच. उघड्या पात्याचा चाकू मनगटाला टांगणंही मला पटत नाही. निसटला तर तो लंबकासारखा झोका घेऊन मांडीकडेच येतो. लांब दोरीपेक्षा आखूड शेपूट बरं.

दोरी बहुधा पॅराकॉर्ड घेतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पॅराशूटना वापरलेली ही नायलॉनची दोरी. बाहेर विणलेलं कवच, आत साधारण सात धागे, आणि ताण सोसण्याची ताकद जवळपास 250 किलो. गाठ मारली की ती बरीच घटते, पण चाकूला त्याचं काय! नायलॉन किंचित ताणला जातो हा गुण महत्त्वाचा. एक मीटर पडलेला शंभर ग्रॅमचा चाकू दोरीने एका सेंटिमीटरात थांबवला, तर सुमारे दहा किलोंचा झटका बसतो. पाच सेंटिमीटरात थांबवला, तर दोन-अडीच किलोंचाच. संकटात ही दोरी उसवून जीव वाचवता येतो, असं उत्साही लोक सांगतात. वीतभर दोरीतून निघतो दीड मीटर बारीक धागा. सॅकचं बटण शिवून होईल. विकत घेताना टोक कापून बघावं. नुसता भुस्सा भरलेल्या दिखाऊ दोऱ्याही मिळतात.

बांधायला पंचवीस-तीस सेंटिमीटर पुरते. दुमडून भोकातून ओवायची, दोन गाठी, शेपूट बोटभर. टोकं काडीने वितळवावीत, म्हणजे उसवत नाहीत. वितळलेला नायलॉन बोटाला चिकटतो आणि चांगलाच भाजतो. फुंकर मारून थांबावं.

कोकणात माडावर चढणारा मात्र कोयतीला दोरी लावत नाही. त्याच्या कमरेला मागे आकडी बांधलेली असते. चढताना कोयती तिच्यात अडकवली, की दोन्ही हात मोकळे, आणि झावळ्यांत गुंतायला काही लोंबत नाही. वर गेल्यावर कोयती हातात, बाकी सगळी भिस्त मुठीवर. ती सुटली तर सुटली. माडाखाली तेव्हा कुणी उभं राहत नाही.