छोटा ट्रॅक्टर : भाराचे गणित आणि धुळीचा त्रास

छोटा ट्रॅक्टर घेताना पहिली चौकशी अश्वशक्तीची होते. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे 746 वॅट, आणि बागेच्या किंवा छोट्या शेताच्या कामाला 20 ते 30 अश्वशक्तीचे इंजिन बहुधा पुरते; पण मागची चाके जागच्या जागी फिरू लागली की ही सारी शक्ती माती उडवण्यातच खर्ची पडते. चाकाची पकड त्याच्यावर किती भार आहे यावर ठरते. अभियंता हॅरी फर्ग्युसन यांनी 1926 साली ज्या जोडणीचे पेटंट घेतले, त्या थ्री-पॉइंट लिंकेजचे, म्हणजे अवजार ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी जोडण्याच्या रचनेचे, मर्म हेच आहे : अवजाराचे वजन आणि मातीची ओढ यांचा भार मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे हलका ट्रॅक्टरही नांगर ओढू शकतो.

हेच गणित उलटेही फिरते. पुढच्या लोडरमध्ये, म्हणजे माती उचलायच्या सुपात, ओली माती भरून तो उचलला की पुढची चाके टेकू होतात आणि मागची चाके हलकी पडतात. ब्रेक बहुतेक ट्रॅक्टरना मागेच असल्याने उतारावर ते ऐन वेळी कुचकामी ठरतात. म्हणून मागे जड अवजार जोडावे आणि भरलेला लोडर जमिनीलगत ठेवूनच चालावे.

जुने खोड साखळीने उपटण्याचा मोह तर प्रत्येकाला होतो. मलाही झाला आहे. साखळी मागच्या आसापेक्षा उंच बांधली, खोड हलेना आणि चाकेही घसरेनात, की इंजिनचा पीळ चाकांऐवजी ट्रॅक्टरच्या धडालाच आसाभोवती फिरवतो. पुढची चाके उचलल्यापासून ट्रॅक्टर मागे उलटेपर्यंत जेमतेम दीड सेकंद लागतो, म्हणजे क्लच दाबायचे सुचेपर्यंत वेळ संपलेली असते. साखळी खालच्या ड्रॉबारला, म्हणजे मागे ओढण्यासाठी असलेल्या दांडीला, बांधली तर पुढचा भाग उचलताच ड्रॉबार खाली जातो आणि उलटवणारा जोर आपोआप कमी होतो. डोक्यामागची संरक्षक चौकट उभी असेल तेव्हा सीट बेल्ट लावलाच पाहिजे, कारण बेल्टाशिवाय चालक चौकटीच्या आसऱ्याबाहेर फेकला जातो.

देखभालीचा हिशेब किलोमीटरवर नसून तासांवर असतो. नव्या यंत्राचे पहिले तेल अनेकदा 50 तासांनंतरच बदलावे लागते, कारण सुरुवातीला भाग एकमेकांवर बसताना धातूचा बारीक कीस तेलात उतरतो. मात्र खरा त्रास धुळीचा. तिच्यातील वाळूचे कण सिलिंडरच्या ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात, आणि गंमत अशी की एअर फिल्टर रोज काढून झटकणारा माणूस उघड्या नळीतून धूळ आत सोडण्याचा धोका उगाच वाढवत असतो. फिल्टर तुंबल्याची खूण दाखवणारा दर्शक असेल तर त्यावर विसंबावे. रेडिएटरची जाळी मात्र गवत कापताना दिवसातून दोनदाही साफ करावी लागते, नाहीतर भुसा अडकून इंजिन तापते.

डिझेलची टाकी संध्याकाळीच भरावी. अर्धी रिकामी राहिली तर रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतील बाष्पाचे पाणी होऊन तळाशी साचते, आणि सकाळी इंधन फिल्टरच्या पारदर्शक वाटीत डिझेलखाली त्याचा वेगळा थर दिसतो.