अंदमान सहल बेतात बसवताना : बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील कुटुंबांसाठी माहितीपत्रक

अंदमानचे नाव निघाले की घरात पहिला प्रश्न हॉटेलचा येतो. कोणते घ्यायचे, समुद्रासमोर मिळेल का, कितीला पडेल. खरे तर चौघांच्या कुटुंबाचा जवळजवळ निम्मा खर्च विमानातच जातो, आणि उरलेल्यातला वाया जाणारा पैसा बहुतेक वेळा बुकिंगचा क्रम चुकल्याने जातो. आधी विमान, मग बेटांमधली बोट, शेवटी खोल्या. हा क्रम उलटा झाला की बोट एका दिवसाची, खोली दुसऱ्या दिवसाची, असा घोळ होतो आणि एक रात्र दोनदा भरावी लागते.

नावांचा गोंधळ आधीच मिटवून टाकू. हॅवलॉकचे अधिकृत नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे आणि नीलचे शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम झाले. तिकिटावर यातले कोणतेही नाव दिसले तरी घाबरू नका. या पत्रकात बोलण्यातली जुनी नावे वापरली आहेत.

कधी जावे

समुद्र शांत आणि पाणी नितळ असण्याचा काळ डिसेंबर ते एप्रिल. नाताळ ते नवीन वर्षाचा आठवडा सगळ्यात महाग, तो टाळा. मुले शाळेत असतील तर परीक्षा संपल्यानंतरचा एप्रिल आमच्या सहल कार्यालयाच्या मते सगळ्यात चांगला. ऊन कडक असते, पण पाण्याखालचे दिसते छान. मे महिना पुढे सरकेल तशी जोखीम वाढते. मोसमी पाऊस अंदमानात साधारण २०-२२ मे च्या सुमारास पोचतो, म्हणजे आपल्याकडच्या आधी दोन आठवडे, आणि त्याआधी बंगालच्या उपसागरात वादळेही होतात. दसऱ्याच्या सुट्टीत तिकीट स्वस्त दिसते त्याचे कारणही हेच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस आणि वारा असतो, बोटी रद्द होतात. त्या दिवसांत जायचेच असेल तर एक दिवस जास्तीचा धरा.

बेळगावातून तिथपर्यंत

बेळगावातून अंदमानला जायचे तर बेंगळूर किंवा चेन्नईसारखे मोठे शहर आधी गाठावे लागते. बेंगळूरहून पोर्ट ब्लेअर थेट विमानाने सुमारे अडीच तास. सांबरा विमानतळावरून बेंगळूरला विमानाने जाऊन पुढचे विमान धरायचे असेल तर दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असू द्या. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्या विमानाची जबाबदारी कोणी घेत नाही. चौघांची तिकिटे तिथल्या तिथे नव्याने काढावी लागली की सहलीचा बेत तिथेच कोलमडतो.

पैसे वाचवायचे तर रात्रीची रेल्वे किंवा स्लीपर बस बरी. पण एक हिशोब नीट करा. बस बेंगळूरच्या मॅजेस्टिकला उतरवते आणि विमानतळ तिथून सुमारे ३५ किलोमीटर, देवनहळ्ळीकडे. सकाळच्या गर्दीत त्याला दीड-दोन तास लागतात. विमानाच्या आधी दोन तास तिथे पोचायचे असते. म्हणजे बस सकाळी सातला पोचणार असेल तर दुपारी साडेबाराच्या आधीचे विमान घेऊ नका. तुमकूरजवळ एखादा अपघात झाला तरी बस दोन तास अडकते. पहाटेचेच विमान हवे असेल तर आदल्या दिवशी दिवसा जाऊन मुक्काम करावा. त्या एका खोलीचे भाडे चुकलेल्या विमानापुढे काहीच नाही. मॅजेस्टिकहून विमानतळाला वायु वज्र बस जाते. चौघांना टॅक्सीही परवडते, सामान पाहून ठरवा.

विमानाचे तिकीट तीन महिने आधी पाहायला सुरुवात करा. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधीच उघडते, त्यामुळे विमान ठरले की रेल्वेची तारीख कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. चेन्नईहून जहाजही जाते आणि बंक क्लास स्वस्त असतो, पण एका बाजूला अडीच-तीन दिवस लागतात आणि जहाजाची तारीख पुढे-मागे होते. लहान मुले घेऊन आम्ही ते सुचवत नाही.

केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्यांनी तिकीट आमच्याकडून काढू नये. एलटीसीवर (रजा प्रवास सवलतीवर) अंदमानला विमानाने जाण्याची सवलत आहे, पण तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच घ्यावे लागते, नाहीतर रक्कम अडकते. आधी कार्यालयात नियम विचारा. बाकीची व्यवस्था आम्ही करून देऊ.

कागदपत्रे

भारतीय नागरिकाला पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नीलला परवाना लागत नाही. (लक्षद्वीपला लागतो, दोन्हींची गल्लत करू नका.) ओळखपत्र मात्र प्रत्येकाचे मूळ हवे. आपल्या भागातली नेहमीची अडचण नावाची असते. शाळेच्या दाखल्यावर आधी नाव, मग वडिलांचे नाव, मग आडनाव. आधारवर कन्नडमधून इंग्रजीत आलेले वेगळेच स्पेलिंग. लग्नानंतरचे आडनाव एका कागदावर बदललेले, दुसऱ्यावर माहेरचे. तिकीट काढताना आधार समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. तिकिटातल्या नावाची दुरुस्ती नंतर जड जाते.

दोन वर्षांखालच्या बाळाला विमानात वेगळी जागा मिळत नाही आणि भाडेही थोडेच असते. पण वय प्रवासाच्या दिवसाचे धरतात. जाताना बाळ दोन वर्षांच्या आत असेल आणि तिथे असताना वाढदिवस झाला, तर परतीचे तिकीट जागेसह घ्यावे लागते. जन्मदाखला बरोबर ठेवा. दोन वर्षांवरच्या मुलाचे विमानभाडे जवळजवळ मोठ्यांइतकेच पडते, तेव्हा ‘लहान आहे, अर्ध्यात होईल’ असे धरून हिशोब करू नका.

सहा रात्री कशा वाटाव्यात

पोर्ट ब्लेअरला एक, हॅवलॉकला दोन, नीलला एक, परत पोर्ट ब्लेअरला दोन. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी, यात तडजोड नको. हॅवलॉकहून सकाळच्या बोटीने येऊन दुपारचे विमान पकडण्याचा बेत कागदावर एक रात्र वाचवतो. वारा सुटला की बंदर खाते बोट थांबवते आणि विमान कोणासाठी थांबत नाही.

पहिल्या दिवशी दुपारी सेल्युलर जेल पाहा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात रांगांपैकी आता तीन उभ्या आहेत. बाबाराव आणि विनायकराव हे सावरकर बंधू दोघेही इथे होते. तात्यारावांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे. मुलांना जिने चढवून तिथवर न्याच. बंद होण्याच्या वेळेआधी किमान दोन तास हाताशी ठेवा, कारण दाखवणाऱ्याने घाई केली की काहीच कळत नाही. संध्याकाळच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाची तिकिटे संपतात, ती आधीच घ्या. हिंदी खेळ मागा.

एक गोष्ट इथून निघतानाच डोक्यात बसवा. घड्याळ तेच असले तरी तिथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. डिसेंबरात पाचलाच अंधार पडू लागतो. आपल्या सवयीने सकाळी नऊला नाश्ता आणि साडेदहाला बाहेर, असे केले तर अर्धा दिवस गेला. पाचला उठा, सातला समुद्रावर असा, दुपारी खोलीत झोपा.

बोट

हॅवलॉक पोर्ट ब्लेअरपासून सुमारे ४० किलोमीटर. खासगी वेगवान बोट दीड-दोन तासांत नेते, सरकारी बोटीला अडीच तास किंवा थोडे जास्त लागतात. सरकारी तिकीट पुष्कळ स्वस्त असते. चौघांच्या तीन फेऱ्या म्हणजे बारा तिकिटे, त्यामुळे फरक मोठा पडतो. पण सरकारी जागा मर्यादित असतात आणि स्थानिक लोकांची रोजची वाहतूकही त्याच बोटींवर चालते. आमचा सल्ला असा : जाताना खासगी बोट पक्की करा म्हणजे पुढच्या खोल्या बिनघोर घेता येतात, आणि परतीला, जिथे वेळेची सवड असते तिथे, सरकारी पाहा. दोन्हींचे धक्के वेगळे आहेत, तिकिटावर कोणता लिहिला आहे ते वाचूनच रिक्षात बसा.

उलटीचा त्रास बंद एसी केबिनमध्ये जास्त होतो. सरकारी बोटीत बाहेर डेकवर येता येते, त्याने बरे वाटते. जागा मध्यभागी, मागच्या बाजूला घ्या, पुढे हेलकावे जास्त. गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, अर्धा-एक तास आधी घ्यावी, आणि मुलांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच. रिकाम्या पोटी बसू नका, पुरी-भाजी खाऊनही नको. दोन बिस्किटे पुरतात.

बेटांवर

हॅवलॉकमध्ये गावांना आकड्यांनी ओळखतात. राहण्याच्या स्वस्त खोल्या तीन आणि पाच नंबरकडे मिळतात, राधानगरचा किनारा सात नंबरला. धक्क्यावरून तिकडे सरकारी बस जाते, तिचे भाडे रिक्षाच्या मानाने किरकोळ. फक्त परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच विचारून ठेवा. समुद्रासमोरच्या खोलीसाठी जास्त पैसे देऊ नका. दिवसभर किनाऱ्यावरच असता, खोली लागते झोपायला आणि आंघोळीला. त्या पैशात एकदा नीट पाण्याखालचे पाहा.

पाण्यातल्या खेळांवर हात सैल सुटतो. काचेच्या तळाची बोट, स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत वरून पाहणे), सी-वॉक (हेल्मेट घालून समुद्रतळावर चालणे), स्कूबा (हवेची टाकी घेऊन डुबकी), सगळ्यांत प्रवाळ आणि मासेच दिसतात. एक निवडा. आठ-दहा वर्षांच्या मुलांसह एलिफंट बीचचे स्नॉर्केलिंग पुरेसे आहे, पोहता येत नसले तरी ट्यूब धरून माणूस बरोबर असतो. स्कूबा दहा वर्षांखाली करू देत नाहीत. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर फॉर्ममध्ये लपवू नका. स्कूबाच्या डुबकीनंतर किमान १८ ते २४ तास विमानात बसायचे नसते, म्हणून ती हॅवलॉकच्या पहिल्या पूर्ण दिवशी उरका.

नीलला भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच जा. तिथली दगडी कमान ओहोटीतच जवळून पाहता येते, आणि तिथपर्यंतची वाट मेलेल्या प्रवाळावरून आहे. साध्या स्लिपरने पाय घसरतो आणि कापतो, घट्ट बसणारे रबरी सँडल हवेत. नील एवढे लहान आहे की दिवसाच्या गाडीपेक्षा भाड्याच्या सायकली बऱ्या.

खाड्यांत आणि खारफुटीजवळ खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. फलक असेल तिथे गुडघाभर पाण्यातही उतरू नका, अंधार पडल्यावर तर कुठेच नको. शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा मुलांच्या खिशातही येऊ देऊ नका. प्रवाळ आणि कित्येक शंख वन्यजीव कायद्याखाली येतात आणि परतताना विमानतळावर सामान तपासतात.

बाराटांग बेटावरची गुहा या बेतात आम्ही धरलेली नाही. त्यासाठी रात्री तीनच्या सुमारास निघावे लागते, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्यानेच जावे लागते, आणि वाटेत थांबायला, फोटो काढायला सक्त मनाई आहे. लहान मुले त्यात पार दमून जातात. शिवाय ते जंगल जारवांचे घर आहे, आपण तिथून कमी गेलेलेच बरे. तो दिवस पोर्ट ब्लेअरजवळच्या रॉस बेटाला द्या.

बरोबर काय न्यावे

बहुतेक विमानांत माणशी १५ किलो सामान आणि हातात ७ किलो. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा घ्या. दोन जेवणे तरी त्यावर निघतात आणि बोटीच्या दिवशी फार उपयोगी पडतात. लोणचे हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत ठेवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र बॅगेत घालू नका, पेट घेणारी वस्तू म्हणून अडवतात. पॉवर बँक नेमकी उलट, ती हातातल्या पिशवीतच. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात आणि दोन दिवस खाज सुटते, म्हणून खोबरेल तेलाची बाटली आणि मुलांना पायभर पँट.

रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. नीलला एटीएम मोजकी आहेत आणि नेटवर्क गेले की फोनवरून पैसे देता येत नाहीत. तिकिटे, खोलीच्या पावत्या आणि ओळखपत्रे कागदावर छापलेली असू द्या. हिंदी सगळीकडे चालते.

दर रोज बदलतात, म्हणून या पत्रकात छापलेले नाहीत. कार्यालयात या, येताना घरातल्या सगळ्यांची आधार कार्डे, मुलांच्या जन्मतारखा आणि सुट्टीच्या पुढे-मागे चालतील अशा दोन तारखा घेऊन या. विमान, बोट, खोल्या आणि आमचा आकार असे चार आकडे वेगवेगळे लिहून देऊ. तो कागद घरी नेऊन विचार करा.