लाल, निळ्या, हिरव्या खुंट्या : नऊ ते बारा वर्षांच्या मॉन्टेसरी वर्गाबद्दल

मराठी घरात ‘मॉन्टेसरी’ म्हटलं की बालवाडीच डोळ्यांपुढे येते : गुलाबी मनोरा, खरखरीत अक्षरं, छोट्या चटया. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे लहानग्यांशीच जोडला गेला आहे. त्यामुळे दहा वर्षांचं नातवंड अजून मॉन्टेसरी वर्गातच आहे हे कळलं की आजी-आजोबा काळजीनं विचारतात, ‘अजून खेळतोच का?’

मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत बालवाडीपाशी थांबत नाही. सहा ते बारा वयाच्या शिक्षणावरचं त्यांचं बरंचसं काम तर भारतातच झालं. १९३९ मध्ये त्या मद्रासला आल्या. १९४० साली इटली युद्धात उतरल्यावर त्यांचा मुलगा मारिओ याला काही महिने अहमदनगरला स्थानबद्ध करून ठेवलं होतं. पुढे युद्धाच्या काळात दोघं कोडाईकनालला राहिले. तिथं थोड्या मोठ्या मुलांसोबत भूगोल, जीवसृष्टी, इतिहास आणि गणित एकमेकांत गुंफणारी शिकवण आकाराला आली. ६ ते ९ आणि ९ ते १२ असे त्याचे दोन वर्ग पडतात. दुसऱ्याला शाळा ‘अप्पर एलिमेंटरी’ म्हणतात.

या वर्गात तीन इयत्तांची मुलं एकत्र बसतात. पंचवीस-तीस मुलं, एक प्रशिक्षित ताई आणि एक मदतनीस अशी साधारण रचना असते. सकाळचे तीन तास सलग कामाचे, मधे घंटा नाही. ताई चार-पाच मुलांना बोलावून पंधरा-वीस मिनिटांचा पाठ देतात. तेवढ्या वेळात बाकीची मुलं आपापल्या कामात असतात. प्रत्येक साधनाचा वर्गात एकच संच असतो, तोही मुद्दाम. दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायचं किंवा त्याच्यासोबत बसायचं, हे त्या वयातलं फार मोठं शिक्षण आहे.

आता एक काम जवळून पाहू, कारण ‘खेळतोच का’ या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

खुंट्यांचा फळा म्हणजे ओळीनं भोकं पाडलेली लाकडी पाटी. हिरवी खुंटी म्हणजे एकक, निळी दशक, लाल शतक. हे रंग मुलांना मण्यांच्या चौकटीपासून ओळखीचे असतात. मुलीनं ५२९ चं वर्गमूळ काढायला घेतलं आहे असं समजू. ती ५ लाल, २ निळ्या आणि ९ हिरव्या खुंट्या मोजून वाट्यांत ठेवते. या सगळ्यांचा मिळून एकच चौरस करायचा. लाल खुंट्यांतून होणारा मोठ्यात मोठा चौरस २ × २, म्हणून चार लाल खुंट्या पाटीवर लागतात आणि एक उरते. ती एक लाल देऊन ती दहा निळ्या घेते, म्हणजे शतक सुटं करते. आता हातात १२ निळ्या आहेत. त्या लाल चौरसाच्या उजवीकडे आणि खाली सारख्याच लावायच्या : उजवीकडे एक स्तंभ, खाली एक ओळ, पुन्हा उजवीकडे, पुन्हा खाली. दोन्हीकडे तीन-तीन रांगा होतात, प्रत्येक रांगेत दोन, आणि बारा निळ्या संपतात. उजव्या खालच्या कोपऱ्यात ३ × ३ ची जागा रिकामी राहते. नऊ हिरव्या खुंट्या तिथं नेमक्या बसतात आणि पाच बाय पाचचा चौरस पुरा होतो. वरची ओळ वाचायची : दोन लाल, तीन निळ्या. लाल खुंटी शंभराची, म्हणजे १० × १०, म्हणून तिची बाजू दशकाची. निळी दहाची, म्हणजे १० × १, म्हणून वरच्या ओळीत ती एककाची. उत्तर २३.

संख्या ५२० असती तर? बाराही निळ्या लावून झाल्यावर कोपरा भरायला एकही हिरवी नसते. चूक ताईंना दाखवावी लागत नाही, रिकामा कोपराच ती दाखवतो. मग एक स्तंभ आणि एक ओळ काढायची, म्हणजे चार निळ्या हातात येतात. त्यातली एक सुटी केली की दहा हिरव्या. कोपरा आता २ × २ चा, त्याला चार पुरतात. वर्गमूळ २२, बाकी ३६. सुरुवातीला बरीच मुलं सगळ्या निळ्या एकाच बाजूला लावत सुटतात आणि चौरसाचा आयत होतो. तिथं ताईंनी हात आवरला पाहिजे. दोन मिनिटं थांबलं तर मूल स्वतःच पाटीकडे बघून ‘हा चौरस नाही’ म्हणतं.

आपण शाळेत हेच भागाकार पद्धतीनं शिकलो. ५ मधून ४ वजा, १ उरला, त्यापुढे २९ उतरवले, झाले १२९. मग २ ची दुप्पट ४, त्यापुढे ३ लिहून ४३, आणि ४३ गुणिले ३ बरोबर १२९. दुप्पट का करायची हे बहुतेकांना कोणी सांगितलं नव्हतं. ते उत्तर पाटीवर आहे : निळ्या खुंट्यांचे पंख दोन आहेत, एक उजवीकडे, एक खाली. दोन पंखांचे १२०, कोपऱ्याचे ९. पुढे बीजगणितात (अ + ब)² च्या विस्तारात मधलं पद २अब येतं, तेही हेच दोन पंख. हे हातानं लावून पाहिलेलं मूल ते पद विसरत नाही.

म्हणून घरच्यांना कळकळीची विनंती : या काळात शिकवणी लावून कागदावरची रीत आधी शिकवू नका. रीत आधी हाती आली की मुलाला पाटी बाळबोध वाटू लागते आणि ‘का’ कायमचं निसटतं. पाच-सहा उदाहरणं लावून झाली की मूल आपणहून खुंट्या काढणं सोडतं, कागदावर मांडतं आणि रीत स्वतःच शोधून काढतं. खुंट्या बाजूला पडल्या की समजावं, संकल्पना पक्की झाली.

इतर विषय असेच मोठ्या पटावर चालतात. काळाची कल्पना यावी म्हणून लांबलचक काळी पट्टी उलगडतात. १ सेंटिमीटरला १० लाख वर्षं धरली, तर पृथ्वीच्या सुमारे ४५४ कोटी वर्षांना ४५ मीटरहून लांब पट्टी लागते आणि आपली मानवजात शेवटच्या ३ मिलिमीटरांत मावते. बाहेर जाऊन शिकणं हेही वर्गाचंच काम. तीन-चार मुलं प्रश्न ठरवतात, ग्रंथालयाला फोन करतात, बसचं वेळापत्रक आणि खर्च लिहून काढतात. सोबतचा मोठा माणूस सुरक्षिततेसाठी असतो, बोलायला नाही.

निकालांचं काय? २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अँजेलिन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट यांचा अभ्यास आला. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या सरकारी मॉन्टेसरी शाळेत चिठ्ठी टाकून प्रवेश मिळालेल्या मुलांची, चिठ्ठी न लागलेल्यांशी त्यांनी तुलना केली. बारा वर्षांच्या मॉन्टेसरी मुलांच्या गोष्टी जास्त कल्पक होत्या, वाक्यरचना जास्त गुंतागुंतीची होती आणि शाळा आपली आहे ही भावना त्यांच्यात जास्त दिसली. वाचन-गणिताच्या चाचण्यांत मात्र त्या वयात ती पुढे नव्हती. अभ्यास एकाच शाळेतला आणि लहान गटाचा. त्यामुळे ‘मॉन्टेसरीत घातलं की गुण वाढतात’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

या वर्गात बिघडतं तेही ठरावीक ठिकाणी. पहिली अडचण पाढ्यांची. साधनांवर काम करताना उत्तर मोजून मिळतं, म्हणून काही मुलं ७ × ८ पाठ करायचं टाळतात आणि अकराव्या वर्षी भागाकारात अडकतात. पाढे रोज दहा मिनिटं घरी घेता येतात, त्यानं पद्धतीला धक्का लागत नाही. दुसरी अडचण नावडता विषय चुकवण्याची. निवडीची मोकळीक असली तरी विषय सोडायची मुभा नसते. त्यासाठी मुलाची कामाची वही असते. तारीख, सुरू केल्याची वेळ, काम, संपल्याची वेळ असं मूल स्वतः लिहितं आणि आठवड्या-पंधरवड्यानं ताई त्याच्यासोबत बसून ती पाहतात. पालकसभेत गुणांऐवजी ही वही मागा. तीन आठवड्यांत गणिताची नोंदच नसेल किंवा रोज तेच ‘पोस्टर रंगवलं’ असेल, तर तिथं बोलायला हवं. ‘आज काय शिकलास?’ला उत्तर मिळत नाही. ‘आज कोणतं काम अर्धं राहिलं?’ला हमखास मिळतं.

शाळा निवडताना नावावर जाऊ नका, पाटीवर ‘मॉन्टेसरी’ लिहिलेलं असणं पुरेसं नाही. ताईंचं प्रशिक्षण ६ ते १२ वयोगटाचं आहे का हे विचारा. ३ ते ६ चं प्रशिक्षण वेगळं असतं. सकाळचे तीन तास संगीत किंवा संगणकाच्या तासिकेनं मोडत नाहीत ना, हे पाहा. आणि फळीवरच्या साधनांकडे नीट बघा. खुंट्यांच्या पेटीवर धूळ असेल तर ती फक्त दाखवायला आहे. रंग थोडा उडालेला असेल, एखादी हिरवी खुंटी हरवून तिथं रंगवलेली काडी आली असेल, तर तो वर्ग चालतो आहे.

पुढच्या शाळेत जाण्याआधीच्या वर्षात एक तयारी घरून करावी लागते. वेळ लावून लेखी पेपर सोडवायची या मुलांना सवय नसते, हात मंद चालतो, आणि येत असलेला प्रश्नही सुटतो. महिन्याला दोन पेपर, घड्याळ समोर ठेवून, सुरुवातीला अर्ध्या तासाचे आणि मग दीड तासाचे, असं चार-पाच महिने केलं की बहुतेकांचा हात बसतो.