लाईट बिल अचानक वाढलंय? मीटर तपासणीचा अर्ज कुठं, कसा आणि कोणते कागद घेऊन करायचा

एरवी 120-130 युनिट पडणाऱ्या घरात एकदम 340 युनिटचं बिल आलं की माणूस तडक ऑफिस गाठतो आणि "बिल जास्त आलंय, कमी करून द्या" म्हणतो, आणि समोरचा स्क्रीनवर रीडिंग बघून सांगतो की मीटर बरोबर आहे, भरून टाका. विषय तिथंच संपतो. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की नुसतं "बिल जास्त" म्हणून अर्ज देऊच नका. गडबड रीडिंगमधे आहे, मीटरमधे आहे का घरातल्या वायरिंगमधे, हे आधी शोधा आणि अर्जात नेमकं तेच लिहा. मी खाली मुख्यतः महावितरणचं सांगतोय. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांना पण राज्य वीज नियामक आयोगाचेच नियम लागू आहेत, फक्त ऑफिसं आणि फॉर्म वेगळे. गोव्याचा आयोग वेगळा आहे.

पहिलं काम, बिल हातात घेऊन मीटरच्या बोर्डापाशी जा. बिलावरचा मीटर नंबर आणि मीटरवर छापलेला नंबर एकच आहे का बघा. अपार्टमेंटमधे आठ-दहा मीटर एका ओळीत असतात, तिथं दोन फ्लॅटचे मीटर अदलाबदल झालेले निघतात, म्हणजे तुम्ही शेजाऱ्याचं बिल भरताय आणि तो तुमचं. मग चालू रीडिंग बघा. बिलावर 8412 छापलंय आणि मीटर आज 8290 दाखवतोय तर रीडिंगच चुकलंय, अशा वेळी मीटर टेस्टिंगची फी भरायची गरजच नाही, तारखेसकट मीटरचा फोटो काढून रीडिंग दुरुस्तीचा अर्ज द्यायचा. बिलावर आरएनए (म्हणजे रीडिंग मिळालं नाही), लॉक्ड (कुलूप होतं), फॉल्टी (मीटर बिघडलेला) असं काही आलंय का तेही बघा, कारण मागचे दोन-तीन महिने सरासरीवर बिल आलं असेल तर साठलेले सगळे युनिट एकदम एका बिलात येतात आणि तुम्ही वरच्या स्लॅबमधे, म्हणजे महाग दराच्या टप्प्यात, ढकलले जाता. घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात, त्यामुळं युनिट दुप्पट झाले की बिल दुपटीपेक्षा जास्त होतं. साठलेलं रीडिंग असेल तर अर्जात "स्लॅब बेनिफिट देऊन बिल महिन्यांत विभागून द्यावे" हे वाक्य टाकाच. मीटर नुकताच बदलला असेल तर जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं सुरुवातीचं रीडिंग बिलात बरोबर धरलंय का तेही तपासा.

रीडिंग बरोबर आहे म्हटल्यावर घरातली तपासणी, यात अर्धा तास जातो. घरातला मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. तो लुकलुकायला नको. सगळं बंद असून लुकलुकतोय म्हणजे मीटर आणि तुमच्या मेन स्विचच्या मधे कुठंतरी वीज जातेय, जिन्याचा दिवा किंवा सोसायटीचा पंप कुणीतरी तुमच्या मीटरवर जोडलेला असू शकतो. मेन बंद केल्यावर थांबला तर आता मेन चालू करून घरातली एकूण एक उपकरणं बंद ठेवा आणि परत बघा. आता लुकलुकला तर घरातच लिकेज आहे. एकेक एमसीबी (बोर्डातला एकेका लाईनचा स्विच) पाडत जा, ज्या एमसीबीला दिवा थांबेल ती लाईन दोषी. बऱ्याच घरात ती गीझरची नाहीतर मोटरची निघते. मीटरवर ई/एल किंवा अर्थ नावाचा एक छोटा दिवा पण असतो, तो लागला की फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलनं परत येत नाहीये असं समजायचं. जुन्या वाड्यात, चाळीत दोन बिऱ्हाडांचे न्यूट्रल एकत्र झालेले असले तरी हा दिवा लागतो, आणि आपल्याकडचे सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रल यात जो करंट जास्त तो मोजतात, म्हणजे शेजारच्यांचा वापर तुमच्या माथी बसू शकतो! इथं अर्ज करून उपयोग नाही, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, आणि तेही लगेच, कारण लिकेज म्हणजे शॉक लागायचा धोका, बिलाचं नंतर बघू.

आता मीटर जोरात पळतोय का ते कसं कळणार? पाणी तापवायचा 1000 वॅटचा रॉड बादलीत लावा, बाकी सगळं बंद (रॉड चालू असताना पाण्यात हात घालू नका). मीटरवर 3200 इम्प/केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. 1000 वॅटला तासाला एक युनिट जळतं, म्हणजे मिनिटाला साधारण 53 वेळा लुकलुकायला हवं. मीटरवर 1600 असेल तर निम्मं, 6400 असेल तर दुप्पट. व्होल्टेज कमीजास्त असतं त्यामुळं थोडा फरक धरायचा, पण 53 च्या जागी 75-80 मोजले गेले तर मीटर तपासून घ्यायला सबळ कारण आहे. मोबाईलवर एका मिनिटाचा व्हिडिओ करून ठेवा म्हणजे मोजायला पण सोपं आणि दाखवायला पण.

अर्ज कोण करू शकतं, तर ज्याच्या नावावर कनेक्शन आहे तो. वडिलांच्या नावावर असेल तर त्यांच्या सहीचं अधिकारपत्र जोडा, भाडेकरूंनी मालकाचं पत्र घ्या. ज्यांच्या नावावर आहे ते हयात नसतील तर वारस म्हणून नाव बदलायचा अर्ज सोबतच देऊन टाका, नाहीतर पुढं प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न येतो. तक्रार 1912 वर, महावितरणच्या अ‍ॅपवर किंवा वेबसाईटवर 12 आकडी ग्राहक क्रमांक टाकून नोंदवता येते, पण माझ्या मते ऑनलाईन नंबर घेतल्यावरही एक लेखी अर्ज उपविभागीय कार्यालयात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. पुढं सगळं त्या शिक्क्यावर चालतं. सोबत चालू बिल, जमलं तर मागच्या 12 महिन्यांची बिलं, भरल्याच्या पावत्या, ओळखपत्र, मीटरचे फोटो आणि घरातल्या उपकरणांची वॅटसह यादी जोडा. त्याच अर्जात सीपीएलची प्रत मागा. तुमच्या ग्राहक क्रमांकाचा महिन्यावार खाता-उतारा असतो तो, कुठल्या महिन्यात सरासरी लावली, कधी मीटर बदलला, सगळं त्यात दिसतं.

टेस्टिंगची फी ठरलेली असते, ती भरून पावती जपून ठेवायची, मीटर सदोष निघाला तर ती परत मिळते. आधी बहुतेक जागेवर अ‍ॅक्युचेक (मीटर जागेवरच तपासायचं यंत्र) लावून बघतात, समाधान झालं नाही तर लॅब टेस्टिंग मागा, तपासणीला हजर रहा आणि रिपोर्टची प्रत घ्या. वीज ग्राहक हक्क नियम 2020 प्रमाणं तक्रार आल्यापासून 30 दिवसात मीटर तपासायला हवा. 2024 च्या दुरुस्तीत तर अजून चांगली सोय झालीय: रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली तर कंपनीनं 5 दिवसात जोडीला दुसरा मीटर लावायचा आणि किमान 3 महिने दोन्हीचा वापर ताडून बघायचा. हे फार कमी लोकांना माहिती आहे, म्हणून अर्जात या दुरुस्तीचा उल्लेख करून अतिरिक्त मीटर मागा. मीटर सदोष ठरला तर वाद सुरू झाला त्या महिन्याच्या आधीच्या जास्तीत जास्त 3 महिन्यांचं बिल रिपोर्टनुसार दुरुस्त होतं, म्हणून तक्रार लांबवू नका. वर्षभर गप्प बसलात तर मागचं बरंच हातचं जातं.

तोवर बिल भरायचं का? वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या 6 महिन्यांच्या सरासरीनं येणारी रक्कम, जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली तर लाईन तोडता येत नाही. "अंडर प्रोटेस्ट भरत आहे" असं लेखी द्या. आणि तोडायच्या आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते.

ऑफिसात दाद लागली नाही तर परिमंडळ पातळीवरचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत तिथं जाता येतं. लाईन तोडायची भीती असेल तर अंतरिम आदेश पण मागा. मंचाचा निकाल पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपाल, मुंबई किंवा नागपूर. फक्त कलम 126 म्हणजे अनधिकृत वापर, किंवा 135 म्हणजे चोरी, या खाली बिल आलं असेल तर मंच ते ऐकत नाही, तो रस्ता पूर्ण वेगळा आहे, तेव्हा बिलावर किंवा नोटिशीवर कुठलं कलम लिहिलंय ते आधी वाचा.